द्राक्षमळा आणि घराणे

अंजनी नदीच्या काठी वसलेले एरंडोल हे गाव एके काळी साऱ्या खानदेशात जाड देशी कागदाकरिता नावाजलेले होते. इंग्रजी अमदानीत सरकारने जी गॅझेटिअरे प्रसिद्ध केली त्यांत एरंडोलच्या ह्या धंद्याचा उल्लेख आढळतो. परंतु धंद्याचे वैभवाचे दिवस मागे पडले असून आता तो अल्प प्रमाणात चालतो, असाच त्या उल्लेखाचा भाव आहे. हाताने कागद करणे हे घराण्याचे काम. लगदा किती कुटावा, चौकट पाण्यातून किती हलक्या हाताने उचलावी, वाळलेल्या तावावर घोटून झिलई कशी आणावी, हे शिक्षण कोणत्याही शाळेत मिळत नसे. बापाच्या शेजारी बसून मुलगा ते शिके, आणि आपल्या मुलाला शिकवी. गिरणीचा कागद स्वस्त दराने बाजारात येऊ लागला तेव्हा प्रथम गिऱ्हाईक गेले, मग मुलांनी दुसरे उद्योग धरले, आणि जी विद्या हातांत होती ती त्या हातांबरोबरच मावळत गेली.

घराण्याने चालविलेला धंदा कशाने टिकतो आणि कशाने बुडतो, हा प्रश्न केवळ कागदाचा नाही. खानदेशात कापसाचे शेत असो, केळीचा बाग असो, की बाजारपेठेतील जुनी पेढी असो, प्रत्येक कुटुंबापुढे तो आज ना उद्या उभा राहतोच. स्वतःच्या घराकडे पाहून ह्या प्रश्नाचा निवाडा करणे कठीण असते, कारण तेथे भाऊबंदकी, अभिमान आणि दुःख ही तिन्ही आड येतात. म्हणून एका दूरच्या धंद्याचा इतिहास येथे घेतला आहे. तो धंदा म्हणजे द्राक्षांपासून शँपेन तयार करण्याचा. त्याची मूळ भूमी फ्रान्स देशात असली तरी त्याचा एक अध्याय आपल्या महाराष्ट्रात, पुणे जिल्ह्यातील नारायणगावी लिहिला गेला आहे, आणि तो विचार करण्याजोगा आहे.

आरंभीच एक गोष्ट स्पष्ट करणे इष्ट होय. मद्यपानाची भलावण करण्याचा येथे हेतू नाही. भारताच्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदात मादक पेयांच्या बंदीचे ध्येय राज्यापुढे ठेवलेले आहे, आणि त्याविषयी ज्याचे मत जे असेल ते असो. येथे विचार करावयाचा आहे तो पेल्याचा नसून मळ्याचा, आणि मळा राखणाऱ्या माणसांचा.

शँपेन हे नाव ज्या प्रांतावरून पडले तो प्रांत फ्रान्सच्या ईशान्येस आहे. रँस आणि एपर्ने ही त्यातील दोन मुख्य शहरे. जमीन खडूची, वर थंडी, ढग आणि मधूनमधून गारपीट. अशा जमिनीत द्राक्ष फार गोड होत नाही. परंतु त्याच आंबटपणाचा तेथील लोकांनी गुण केला. द्राक्षाचा रस आंबवून प्रथम साधे मद्य करतात. मग ते बाटलीत भरताना त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात व बूच घट्ट बसवितात. बाटलीच्या आत दुसऱ्यांदा आंबण्याची क्रिया होते. तिच्यातून निघणारा वायू बाहेर पडू शकत नाही, तो मद्यातच विरघळून राहतो, आणि बूच काढताच फेस उसळतो. मोटारीच्या चाकात हवेचा जो दाब असतो त्याच्या दुपटीहून अधिक दाब त्या बाटलीत असतो. जुन्या काळी काचेचा कस कमी असे, तेव्हा तळघरातील कित्येक बाटल्या आपोआप फुटत आणि कामगार तोंडावर लोखंडी जाळी बांधून आत जात.

ह्या कृतीत जे महत्त्वाचे आहे ते काळ. साध्या शँपेनची बाटलीसुद्धा भरल्यापासून निदान १५ महिने तळघरात पडून राहिली पाहिजे, आणि एकाच वर्षाच्या पिकापासून केलेली असेल तर निदान ३ वर्षे, असा तेथील नियम आहे. नावाजलेली घराणी त्याहूनही अधिक काळ थांबतात. बाटलीत साचलेला गाळ तोंडाशी आणण्याकरिता बाटल्या लाकडी फळीतील भोकांत तोंडे खाली करून रोज थोड्या थोड्या फिरवाव्या लागतात. शेवटी गाळ काढून नवे बूच बसवितात. ह्याचा अर्थ असा की, त्या प्रांतातील व्यापाऱ्याजवळ तीन-चार वर्षांच्या विक्रीइतका माल नेहमी जमिनीखाली पडून असतो. वेल लावल्यापासून पहिले चांगले पीक येण्यास तीन-चार वर्षे, मालाला तीन-चार वर्षे, आणि नाव होण्यास एक पिढी. आज लावून उद्या विकावयाचा हा धंदा नव्हेच. आजोबाने लावलेल्या वेलीचे फळ नातवाने विकावे, अशीच त्याची चाल आहे. म्हणूनच तो प्राचीन काळापासून नसला तरी इ. स. १७२९ पासून, म्हणजे निकोला रुइनार ह्याने रँस येथे पहिली शँपेनची पेढी काढली तेव्हापासून, घराण्यांच्या हातांत राहिला.

आणखी एक गोष्ट खानदेशातील श्रोत्यांस ओळखीची वाटेल. नेपोलियनने १८०४ साली जो दिवाणी कायदा केला त्यान्वये बापाच्या मिळकतीत सर्व मुलांना वाटा मिळू लागला. परिणाम आपल्याकडे झाला तोच तेथे झाला. मळ्यांचे तुकडे पडले. आज शँपेन प्रांतात सुमारे ३४ हजार हेक्टर द्राक्षभूमी आहे आणि ती सुमारे १६ हजार बागाइतदारांत विभागलेली आहे. म्हणजे सरासरी एकेकाच्या वाट्यास पाच एकरांच्या आसपास. मोठमोठ्या पेढ्यांची नावे जगभर झाली असली तरी नव्वद टक्क्यांच्या सुमारास जमीन ह्या लहान बागाइतदारांचीच आहे. पेढीला द्राक्षे पाहिजेत आणि बागाइतदाराला गिऱ्हाईक पाहिजे. ह्या दोहोंचे नाते नीट राहिले तर घराणी टिकतात. बिघडले तर दोघेही बुडतात. पुढील सर्व इतिहासाचे मर्म ह्या एका गोष्टीत आहे.

त्या घराण्यांपैकी एक उदाहरण म्हणून पोल रोजे ह्याचे घ्यावे. १८४९ साली विशीही न गाठलेल्या ह्या मुलाने, वडील आजारी पडल्यामुळे कुटुंबाचा भार अंगावर येऊन, मद्याचा व्यापार सुरू केला. पुढे त्याने एपर्ने येथे पेढी थाटली आणि इंग्लंडात गिऱ्हाईक मिळविले. पन्नास वर्षे धंदा करून डिसेंबर १८९९ मध्ये तो वारला. मोरिस आणि जॉर्ज हे त्याचे दोन मुलगे गादीवर बसून तीन महिनेही झाले नव्हते, तोच फेब्रुवारी १९०० मधील एका रात्री प्रचंड आवाज झाला आणि तळघरांचा मोठा भाग कोसळला. वरच्या इमारती आणि रस्ताही खचला. ५०० पिंपे आणि १५ लक्ष बाटल्या मातीखाली गाडल्या गेल्या. अनेक वर्षांच्या कष्टाचा ठेवा एका रात्रीत नाहीसा झाला.

अशा प्रसंगी दोन तरुणांनी काय करावे? वडिलांनी जोडलेले नाव तेवढे त्यांच्याजवळ उरले होते. वडिलांचे 'पोल' हे नाव आणि 'रोजे' हे आडनाव मिळून 'पोल-रोजे' असे जोड आडनाव त्यांनी रीतसर सरकारमान्यतेने धारण केले. ह्यात भावना होती तसा व्यवहारही होता. गिऱ्हाईक ज्या नावावर विश्वास ठेवीत होते ते नाव आता कुटुंबातील प्रत्येकाच्या अंगावर आले. त्याला बट्टा लागला तर तो साऱ्यांना लागणार होता. हळूहळू त्यांनी धंदा पुन्हा उभा केला. १९१४ च्या सप्टेंबरात जर्मन सैन्याने एपर्ने व्यापले, त्या वेळी मोरिस हाच त्या शहराचा नगराध्यक्ष होता. इतर अधिकारी निघून गेले तरी तो जागेवर राहिला आणि गोळी घालण्याची धमकी मिळाली तरी नगरवासीयांच्या बाजूने शत्रूशी बोलत राहिला. तोफांचा आवाज ऐकू येत असताना त्या वर्षीचे द्राक्षपीक बायकामुलांनी आणि वृद्धांनी काढले.

ह्या घराण्याची गोष्ट येथेच संपत नाही. पुढे २०१८ साली त्याच जागी नव्या बांधकामाची तयारी चालू असता मातीखालून जुन्या तळघराचा भाग लागला आणि ११८ वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या बाटल्यांपैकी काही धड सापडल्या. पेढी तोवर त्याच कुटुंबाच्या मालकीची होती, हीच ह्यातील खरी नवलाची गोष्ट. त्या प्रांतातील इतर कित्येक नामांकित घराणी दरम्यान मोठ्या कंपन्यांच्या पोटात गेली. १८४३ साली योसेफ क्रुग ह्याने काढलेली पेढी १९९९ मध्ये अशाच एका बलाढ्य समूहात सामील झाली. घराण्यातील माणसे कामावर राहिली, तथापि मालकी गेली.

घराणे म्हणजे केवळ बापामागून मुलगा, असेही समजण्याचे कारण नाही. फ्रान्स्वा क्लिको हा १८०५ साली वारला तेव्हा त्याची विधवा बार्ब-निकोल ही अवघी २७ वर्षांची होती आणि पदरी एक लहान मुलगी होती. सासऱ्याचे मन वळवून तिने धंदा चालविला. बाटलीतील गाळ तोंडाशी आणण्याची जी फळ्यांची पद्धत वर सांगितली ती हिच्याच तळघरात १८१६ च्या सुमारास सिद्ध झाली. १८६६ मध्ये ती वारली तेव्हा तिचा वारसा पुढे चालविला तो तिच्याच पेढीत नोकरीस राहून भागीदार झालेल्या एदुआर वेर्ले ह्याने. हाताखाली तयार झालेल्या माणसाला रक्ताच्या नात्याबरोबरीने मानणे, हेही टिकाऊ घराण्याचे एक लक्षण म्हणावे लागेल.

परंतु शँपेनच्या इतिहासात केवळ शौर्य आणि चिकाटीच आहे असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. १९१० साली रोगराई आणि खराब हवामान ह्यांमुळे द्राक्षपीक जवळजवळ नष्ट झाले. त्याच्या आधीही वर्षे वाईटच गेली होती. अशा वेळी कित्येक व्यापारी आगगाडीने दुसऱ्या प्रांतांतील स्वस्त द्राक्षरस आणून त्यावर शँपेनचे नाव लावीत होते. शेतकऱ्याच्या घरात खायला नाही आणि त्याच्याच गावाच्या नावाने परका माल विकला जातो, हे सहन न होऊन जानेवारी १९११ मध्ये आणि पुन्हा एप्रिलमध्ये बागाइतदारांनी बंड केले. मद्याची पिंपे फोडून रस्त्यावर ओतली गेली, व्यापाऱ्यांच्या काही वास्तू जाळल्या गेल्या, आणि सरकारला हजारो सैनिक पाठवावे लागले. ह्या दंग्यातून धडा मिळाला. १९२७ च्या कायद्याने कोणत्या गावची द्राक्षे शँपेनला चालतील ते ठरले. १९४१ मध्ये, देश जर्मनांच्या ताब्यात असताना, बागाइतदार आणि पेढ्या ह्या दोहोंच्या प्रतिनिधींची एक समिती कायद्याने स्थापन झाली. हंगामापूर्वी दोन्ही पक्षांनी एकत्र बसावयाचे आणि द्राक्षाचा दर व पिकाचे प्रमाण ह्यांचा विचार करावयाचा, अशी रीत तिच्यामुळे पडली. ज्या पेढ्यांच्या नावाचा आज गौरव होतो त्यांचे स्थैर्य तळघरातील कौशल्याइतकेच ह्या व्यवस्थेवर उभे आहे.

आता महाराष्ट्राकडे वळावे. द्राक्षवेल आपल्या भूमीला परकी नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूता हा प्रवासी दौलताबादेस आला तेव्हा तेथे द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात असे त्याने लिहून ठेविले आहे. येथील उष्णतेमुळे वेलीला फ्रान्सप्रमाणे हिवाळ्याची झोप लागत नाही. ती वर्षभर वाढत राहते. म्हणून आपला बागाइतदार तिची दोनदा छाटणी करतो. एप्रिलमधील खरड छाटणी काडी तयार होण्यासाठी आणि ऑक्टोबरमधील छाटणी फळासाठी. नाशिकजवळ ओझर येथे १९२५ साली रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड ह्यांनी द्राक्षबाग लावली आणि त्या जिल्ह्याच्या द्राक्षशेतीचा पाया घातला असे मानले जाते. पुढे सांगली, सोलापूर आणि पुणे जिल्ह्यांतही बागा पसरल्या. सोलापूर जिल्ह्यातील नान्नज येथील नानासाहेब काळे ह्यांनी 'सोनाका' ही जात शोधून काढली, आणि त्यांच्या पुढच्या पिढीनेही नव्या जातींचे तेच काम चालविले. खाण्याच्या द्राक्षांत घराण्याची परंपरा आपल्याकडे रुजली होती. मद्याच्या द्राक्षांत मात्र कोणी हात घातला नव्हता.

तो घातला मुंबईचे उद्योजक श्यामराव चौगुले ह्यांनी. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांच्या मनाने असे घेतले की, भारतात शँपेनच्या तोडीची फेसाळ वाइन करून दाखवावयाची आणि तीही परदेशी विकावयाची. हा विचार त्या काळी हास्यास्पद वाटण्याजोगा होता. त्यांनी शँपेन प्रांतातीलच पिपेर-हाइडसिक ह्या जुन्या पेढीकडे तज्ज्ञ पाठविण्याविषयी विचारणा केली. त्याप्रमाणे राफाएल ब्रिसबोआ हा तरुण मद्यतज्ज्ञ भारतात आला आणि जागेची पाहणी होऊन जुन्नर तालुक्यातील नारायणगाव पसंत पडले.

नारायणगाव हे पुणे-नाशिक रस्त्यावरील, मीना नदीकाठचे मोठे बाजाराचे गाव. शिवनेरीचा किल्ला तेथून जवळ. तमाशाच्या फडांमुळे त्याचे नाव साऱ्या महाराष्ट्रास ठाऊक आहे. समुद्रसपाटीपासून दोन हजार फुटांहून अधिक उंची, कोरडी हवा, हिवाळ्यात थंड रात्री, असे तेथील हवामान. सह्याद्रीच्या कुशीत, डोंगराच्या उताराला धरून, यंत्रांनी सुसज्ज असा कारखाना उभारला गेला. खडूच्या तळघरात जो गारवा निसर्गतः मिळतो तो येथे विजेच्या यंत्रांनी निर्माण करावा लागला. प्रथम आपल्याकडील थॉम्पसन जातीची द्राक्षे हाताशी होती. मग शार्दोने, पिनो न्वार, उनी ब्लाँ अशा परदेशी जातींची लागवड झाली. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबविण्याची अस्सल फ्रेंच पद्धत स्वीकारण्यात आली.

त्या कष्टाला १९८० नंतरच्या दशकातच फळ आले. परदेशी बाजारात हा माल 'ओमर खय्याम' ह्या नावाने गेला आणि देशात 'मार्कीज द पॉम्पादूर' ह्या नावाने. जुन्नर तालुक्यात तयार झालेली फेसाळ वाइन इंग्लंडातील जाणत्या लोकांनी चाखून तिची वाखाणणी करावी, ही गोष्ट लहान नव्हती. हिंदुस्थानात वाइन होऊच शकत नाही हा समज तिने पुसून टाकला. पुढे ज्यांनी नाशिक परिसरात हा धंदा काढला त्या सर्वांना नारायणगावने वाट करून दिली होती, हे मान्य केलेच पाहिजे. १९८० नंतरच्याच काळात कंवल ग्रोव्हर ह्यांनी बंगळूरजवळ नंदी टेकड्यांच्या परिसरात द्राक्षमळा उभारला. त्यांचा सल्लागार जॉर्ज व्हेसेल हाही शँपेन प्रांतातलाच होता.

नारायणगावच्या संस्थेचे नाव आरंभी 'शँपेन इंडाज' असे होते. पुढे चौगुल्यांची दुसरी पिढी कारभारात आली आणि चिरंजीव रणजित चौगुले ह्यांच्याकडे सूत्रे गेली. काळही अनुकूल होता. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगास उत्तेजन देणारे धोरण जाहीर केले. नाशिकजवळ राजीव सामंत ह्यांनी १९९९ च्या सुमारास सुरू केलेला सुला हा उद्योग वाढीस लागला. शहरांतील सुशिक्षित वर्गात वाइनचे गिऱ्हाईक तयार होऊ लागले. शेतकऱ्यांना सांगण्यात येऊ लागले की, खाण्याच्या द्राक्षांऐवजी वाइनची द्राक्षे लावा, कराराने ठरलेला भाव मिळेल. हजारो एकर जमिनीत तशी लागवड झाली.

ह्या भरतीच्या काळात नारायणगावच्या संस्थेने फार मोठी झेप घेतली. तिचे भाग शेअरबाजारात होते. बँकांचे कर्ज सुलभ होते. २००८ च्या आगेमागे तिने ऑस्ट्रेलिया आणि ब्रिटन ह्या देशांतील मद्यव्यवसाय विकत घेतले. नावही बदलून 'इंडाज व्हिंटनर्स' असे झाले. वेल लावून, वाढवून, मुरवून मिळवावयाचे ते खरेदीने मिळविण्याचा हा मार्ग होता. आणि नेमके त्याच वर्षी जगाचे आर्थिक चक्र अडले. अमेरिकेतील पेढ्या बुडाल्या, कर्ज मिळेनासे झाले. नोव्हेंबर १९०८ नव्हे, तर त्यापुढे बरोबर शंभर वर्षांनी, नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईतील हॉटेलांवर अतिरेक्यांचा हल्ला झाला आणि परदेशी पाहुण्यांचा ओघ आटला. वाइनचे मोठे गिऱ्हाईक तेच होते. कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. देणी थकली, धनको न्यायालयात गेले, आणि पुढील दोन-तीन वर्षांत मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रकरण जाऊन संस्था अवसायनात निघाली. तीस वर्षांच्या आत आरंभ, उत्कर्ष आणि शेवट असे तिन्ही अंक पुरे झाले.

ह्या पडझडीचे दुःख एका घराण्यापुरते राहिले नाही. त्या दोन-तीन वर्षांत साऱ्याच वाइन उद्योगाची मागणी घटली आणि पुणे-नाशिक जिल्ह्यांतील वाइनच्या द्राक्षांना उठाव राहिला नाही. खाण्याचे द्राक्ष निदान बाजारात टोपलीने विकता येते, बेदाणा करता येतो. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे आणि बियांचे. कारखान्याने घेतले नाही तर ते कोणाच्याच उपयोगी पडत नाही. पुष्कळ शेतकऱ्यांनी तीन-चार वर्षे जोपासलेल्या वेली उपटून टाकल्या. १९११ साली शँपेनमधील शेतकऱ्यांनी पिंपे फोडली. आपल्या शेतकऱ्याने आपल्याच वेलीवर कुऱ्हाड चालविली. कृती निराळी असली तरी व्यथा एकच. पेढी आणि मळा ह्यांना बांधणारी जी समिती फ्रान्सने दंग्यानंतर तीस वर्षांनी उभारली, तशी काही व्यवस्था आपल्याकडे लागवडीपूर्वी उभी राहावयास हवी होती.

एपर्ने आणि नारायणगाव ह्यांची तुलना करताना एक सावधगिरी बाळगणे न्याय्य होईल. एकाजवळ दीडशे वर्षांचा अवधी होता. दुसऱ्याजवळ तीस वर्षेही नव्हती. एकाच्या मागे प्रांताची सारी परंपरा उभी होती. दुसऱ्याने उजाड जागी पहिला दगड ठेवला. पहिला दगड ठेवणारा धाडसीच असावा लागतो, आणि धाडसी माणसाला थांबावयास सांगणे हे वाहत्या पाण्याला बांध घालण्याइतके कठीण. तथापि दोन्ही ठिकाणी संकट आले, हे विसरता येत नाही. १५ लक्ष बाटल्या मातीखाली गेल्या तरी पोल रोजेचे घर उभे राहिले. नारायणगावचे तळघर मुळीच कोसळले नसताना घर बसले. फरक संकटाच्या आकारात शोधून सापडणार नाही. एका घराने आपली वाढ आपल्या तळघरातील साठ्याच्या मानाने केली होती, म्हणून साठा गेल्यावरही देणे त्याला गिळू शकले नाही. दुसऱ्याने वाढ केली ती उसन्या पैशाच्या मानाने, आणि उसना पैसा वेलीइतकी वाट पाहत नाही. वेलीचा हिशेब पिढीचा असतो, बँकेचा तिमाहीचा. हे दोन हिशेब एका वहीत मांडले की कोणता जिंकणार हे सांगावयास ज्योतिषी नको.

नारायणगावनंतरही ह्या धंद्याची वाटचाल थांबली नाही. ग्रोव्हर ह्यांच्या मळ्यात मुलगा आणि नात अशा पुढील पिढ्या आल्या, आणि २०१२ मध्ये त्यांच्या संस्थेचे नाशिकच्या एका वाइन संस्थेशी एकीकरण झाले. २०१३ मध्ये फ्रान्समधील मोएत ह्या १७४३ सालच्या जुन्या घराण्याशी संबंधित समूहाने नाशिक जिल्ह्यातील दिंडोरी येथे फेसाळ वाइन बाजारात आणली. सुला ही संस्था २०२२ मध्ये शेअरबाजारात आली. ज्या बी-बियाण्यांची पेरणी नारायणगावी झाली त्याचे पीक दुसऱ्यांच्या शेतात आले, असे म्हणता येईल. इतिहासात हे पुष्कळदा घडते. पहिल्या वाटसरूच्या वाट्यास काटे येतात आणि मागून येणाऱ्यास पायवाट मिळते.

खानदेशाला ह्या कथेतून काय घेता येईल? येथे शँपेनचे मळे नाहीत आणि असावेत असेही नाही. परंतु ज्या घरात बाप, मुलगा आणि नातू एकाच मातीत राबतात त्या घरांची येथे वाण नाही. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला; म्हणजे शँपेनच्या बागाइतदारांनी १९११ मध्ये ज्या गोष्टीसाठी रस्त्यावर येऊन झगडा केला, ती, आपल्या गावच्या नावावर आपला हक्क, आपल्या शेतकऱ्यास कायद्याने लाभली आहे. त्या हक्काचे चीज करावयाचे तर केवळ नाव पुरणार नाही. माल घेणारा आणि माल पिकविणारा ह्यांनी हंगामापूर्वी एकत्र बसण्याची सवय, वाढ करताना घरच्या पुंजीकडे पाहण्याची सवय, आणि हातातील विद्या पुढच्या हाताला, मग तो मुलाचा असो, सुनेचा असो की विश्वासू गड्याचा असो, वेळेवर देण्याची सवय, ह्या तिन्ही गोष्टी लागतील.

एरंडोलच्या कागद्यांजवळ विद्या होती, चिकाटी होती आणि कर्जाचा हव्यासही नव्हता. त्यांना मारले ते यंत्राने; त्यांचा कागद आणि गिरणीचा कागद ह्यांतला भेद गिऱ्हाइकाला कोणी समजावून दिला नाही, आणि त्यांच्या गावाच्या नावाला कायद्याचे संरक्षण नव्हते. नारायणगावला यंत्र होते, नाव होते, गिऱ्हाईकही होते. तेथे कमी पडला तो धीर. एपर्नेच्या त्या दोन भावांजवळ फेब्रुवारी १९०० च्या त्या सकाळी खचलेल्या जमिनीवाचून फारसे काही नव्हते. तरी त्यांनी पुढच्या हंगामाची द्राक्षे घेतली, बाटल्या भरल्या, त्या अंधारात ठेविल्या आणि वाट पाहिली. घराण्याचा धंदा चालविणे म्हणजे बहुतांशी हेच असते.